एकट्यानेच आत यावे

नियम आणणारा माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सरकारी इस्पितळाच्या बाकांवर त्याच्या नावाने जे काही बोललं जायचं ते ऐकून कोणाचाही गैरसमज झाला असता. आरोग्य खात्यात ते उपसंचालक होते. खात्यानेच त्यांना वर्षभर परदेशी शिकायला पाठवलं होतं. लोक तिकडून घड्याळं आणि वासाचे साबण आणतात, हे एक नियम घेऊन आले. तेव्हापासून इस्पितळाने त्यांचं बारसं करून टाकलं, नियमसाहेब.

नियम तसा साधा होता. आजार ज्याचा, बातमी त्याची. तपासण्यांचा निकाल आला की डॉक्टरांनी रुग्णाला एकट्याला बंद खोलीत बोलवायचं, काय निघालं ते त्यालाच सांगायचं आणि मग विचारायचं, आणखी कोणाला सांगू? तो ज्याचं नाव घेईल त्यालाच सांगायचं. नवरा असो, बायको असो, पोटचा मुलगा असो, कोणी कितीही हक्काने आला तरी रुग्णाने हो म्हटल्याशिवाय त्याच्यापुढे ब्र काढायचा नाही. साहेबांनी हे तिकडे स्वतः पाहिलं होतं. तिकडे माणूस एकटा यायचा, एकटा ऐकायचा, डॉक्टरांचे आभार मानायचा आणि कोट चढवून एकटाच घरी जायचा. साहेबांना ते फार भारदस्त वाटलं. घरी गेल्यावर तो माणूस काय करायचा, हे अभ्यासक्रमात नव्हतं.

इकडची रीत बरोबर उलटी. डॉक्टर थोरल्या मुलाला दाराआड गाठायचे, थोरला मामाला सांगायचा, मामाच्या पोटात काही राहायचं नाही आणि दोन दिवसांत एक रुग्ण सोडून सगळ्या गल्लीला ठाऊक व्हायचं. रुग्णाला सांगायचं, थोडी सूज आहे. साहेबांच्या वडिलांनाही घरच्यांनी 'थोडी सूज' म्हणत म्हणतच शेवटपर्यंत नेलं होतं, आणि सूज हा शब्द तिशीतल्या साहेबांनीच शोधून काढला होता. तिकडच्या वर्गात या नियमाचा धडा आला तेव्हा त्यांना भर थंडीत घाम फुटला. मायदेशी जाऊन आपण हे करायचंच, असं त्यांनी त्या बाकावर ठरवलं.

आल्यावर वर्षभर खेटे घालून त्यांनी नियम मंजूर करून घेतला आणि शहरातल्या मोठ्या इस्पितळात लागू केला. तिकडच्या पुस्तिकेत खोली कशी असावी तेही दिलेलं होतं. दोन खुर्च्या, एक डॉक्टरांची नि एक रुग्णाची. टेबलावर डोळे पुसायला कागदी रुमालांचा डबा. भिंतीवर मन शांत करणारं चित्र. साहेबांनी समुद्राचं चित्र लावलं आणि दारावर पाटी ठोकली, 'रुग्णाने एकट्यानेच आत यावे.'

कागदी रुमाल पहिल्याच दिवशी संपले. बाहेर बसलेल्या मुलांची नाकं पुसायला ते फार सोयीचे होते. एका म्हातारबाबांनी चित्राकडे बोट दाखवून विचारलं, तिथे पाठवणार का मला, आणि जायचा खर्च कोण करणार? एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण एकट्याला आत बोलावलं म्हणजे आता काही खरं नाही, असा लोकांचा ठाम समज झाला. खोलीला फाशीखोली म्हणायला लागले. एक धट्टाकट्टा सुतार नुसत्या पित्ताचा निकाल ऐकायला आत गेला आणि डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत खुर्चीतच आडवा झाला.

पण लोकही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. नियम मोडायचा नाही ना? नका मोडू. एक दिवस हृदयाच्या झडपेचा एक रुग्ण आत आला, सगळं ऐकून घेतलं, हमसून हमसून रडला आणि शेवटी डोळे पुसत म्हणाला, "डॉक्टर, मी दादा नाही, त्याचा धाकटा भाऊ आहे. दादा बाहेर केळं खातोय. आता त्याला काही सांगू नका हं." मग चौकशी केली तेव्हा कळलं की बहिणींच्या जागी बहिणी आणि सासूच्या जागी सून असे बरेच जण खोलीत येऊन गेले होते. एकीने तर दोघींचे निकाल ऐकले होते आणि स्वतःचा कुठला, ते तिला आठवत नव्हतं. त्यानंतर ओळखपत्र बघून आत सोडायला सुरुवात झाली.

हे सगळं निस्तरायचं काम होतं मोठ्या बाईंकडे. इस्पितळातल्या सर्वांत ज्येष्ठ डॉक्टर, अंगाने आणि आवाजाने भरभक्कम, म्हणून मोठ्या बाई. नियमाला त्यांचा पहिल्या दिवसापासून विरोध होता आणि तो त्या चारचौघांत बोलून दाखवायच्या.

"साहेब, तुमच्या तिकडे घरात माणूसच एक असतं, म्हणून खोलीत एक खुर्ची पुरते," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे एका खोकल्याबरोबर सहा जण येतात. आणि आणखी कोणाला सांगू म्हणून विचारलं तर पेशंट काय म्हणतो ठाऊक आहे? म्हणतो, ते माझ्या मुलाला विचारा!"

"होईल सवय, बाई. नवं आहे ना."

"मला झाली हो सवय. त्यांना कधी होणार?"

बाईंचा एक गुण मात्र मानला पाहिजे. पटलं नाही तरी काम चोख. नियम आहे म्हटल्यावर त्या तो डोळ्यांत तेल घालून पाळायच्या. आणि खोटं कशाला बोला, काही जणांना त्याचा उपयोगही झाला. एका बसचालकाने बाईंचे हात धरून सांगितलं होतं की आजवर सगळे माझ्या डोक्यावरून एकमेकांशी बोलायचे, माझ्याशी कोणी बोललं ते आज पहिल्यांदाच. बाईंनी ही गोष्ट साहेबांना सांगितली, पण सहा महिन्यांनी. आधी सांगितली असती तर ते शेफारले असते, असं त्यांचं म्हणणं.

अशात साहेबांच्या आईचे कपडे सैल व्हायला लागले.

आधी सुनेच्या लक्षात आलं. "अहो, आई जेवतात कमी आणि दमतात जास्त. एकदा दाखवून आणा." आईने नेहमीप्रमाणे उडवून लावलं, मग नेहमीप्रमाणे भांडली, मग गेली. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, जेव्हा फोन हाताने जोडायला लागायचे तेव्हाची. गावाची निम्मी लफडी आणि सगळ्या उसनवाऱ्या तिच्या कानांवरून गेल्या होत्या, पण तिच्या तोंडून एक शब्द बाहेर पडला असेल तर शपथ. ऐकायचं आणि विसरायचं, त्याचाच पगार होता, असं ती म्हणायची. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेली, म्हणून तिच्या तपासण्याही त्याच इस्पितळात झाल्या.

निकालाच्या दिवशी साहेब तिच्याबरोबर गेले. पाटी वाचून आई म्हणाली, "हे तुझंच ना रे?" साहेब म्हणाले, "हो. आत तुला विचारतील, कोणाला सांगू म्हणून. माझं नाव सांग म्हणजे झालं." आई आत गेली. बराच वेळ आत होती. बाहेर आली आणि पदर सारखा करत म्हणाली, "झालं. चल, उन्हाच्या आत घरी जाऊ."

"काय म्हणाल्या बाई?"

"गोळ्या दिल्यात."

साहेब हसले. आईचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. तिला बाकावर बसवून ते खोलीत गेले आणि रुग्णाच्या खुर्चीत ऐसपैस बसले.

"बोला बाई. काय निघालं आईचं?"

"चहा घेणार?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"चहा नको. निकाल."

"तो मला सांगता येणार नाही, साहेब."

बाई चेष्टा करताहेत, असंच त्यांना वाटलं. वर्षभराचं उट्टं काढताहेत, काढू देत. "अहो, मी मुलगा आहे त्यांचा."

"मी विचारलं त्यांना, आणखी कोणाला सांगू? म्हणाल्या, कोणालाच नाही. मला वाटलं, प्रश्न कळला नसेल. म्हणून पुन्हा विचारलं, मुलाला तरी सांगू ना?" बाईंनी चष्मा काढला. "म्हणाल्या, त्याला तर मुळीच नाही."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. मग ते चिडले. मग त्यांनी ते केलं जे त्या खोलीबाहेरचे सगळे थोरले मुलगे वर्षभर करत होते, म्हणजे आवाज चढवला. "तुमचा तर या नियमाला विरोध होता!"

"अजून आहे. पण मुलाला विचारा म्हणणारे मी रोज बघते. नीट विचार करून नाही म्हणणारं माणूस क्वचित भेटतं. तुमच्या आईंनी विचार केला, माझ्यासमोर केला. ते मी कशी मोडू?"

"फाइल मागवू शकतो मी."

"शकता की. मागवा," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. साहेब उठले.

त्यानंतर घरात जो लपंडाव चालला त्याला तोड नाही. साहेबांनी गोळ्यांवरची नावं वाचायचं ठरवलं, तर आईने त्या आधीच वेष्टनांतून काढून बटणांच्या जुन्या डब्यात भरून टाकल्या होत्या. जेवताना ते आडून आडून विचारायचे. तिखट चालतं का तुला? पायऱ्या चढू नको म्हणाल्या का? आई ताकास तूर लागू देत नव्हती. बायकोने एकदाच तोंड उघडलं. "तुम्हीच आणलंत ना हे? मग आता घ्या." म्हणाली आणि स्वतःच रडायला लागली, कारण सासूबाईंना काय झालंय ते तिलाही कोणी सांगत नव्हतं. दूरच्या शहरातून ताईचा फोन यायचा. "अरे, एवढा मोठा अधिकारी ना तू? आणि आईला काय झालंय ते तुला माहीत नाही? लाज वाटते का?" साहेबांना वाटत होतीच. भीती त्याहून जास्त वाटत होती. रात्री अंथरुणावर पडलं की सगळे आजार एकेक करून डोळ्यांपुढून जायचे, आणि ते आरोग्य खात्यातले असल्यामुळे त्यांना सगळे माहीत होते.

शेवटी त्यांनी दुरुस्तीचा मसुदा लिहिला. नियम करायला वर्ष लागलं होतं, दुरुस्ती अर्ध्या दिवसात झाली. वय झालेल्या रुग्णांच्या बाबतीत जवळच्या नातेवाइकांना निकाल सांगण्यास परवानगीची गरज नाही. संचालकांनी वाचून मान डोलावली. "उशिरा का होईना, सुचलं म्हणायचं. अहो, आपल्या लोकांना हे परदेशी खूळ झेपणारं नव्हतंच. सोमवारी तुमची सही होऊन येऊ द्या." कचेरीत बातमी पसरली आणि शिपायानेसुद्धा त्या दिवशी साहेबांना चहा वेळेवर दिला.

रविवारी सकाळी आई खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचत बसली होती. साहेब समोर येऊन उभे राहिले. "उद्यापासून नियम बदलतोय मी."

आईने पान उलटलं. "माझ्यासाठी?"

"सगळ्यांसाठी. लोकांची मागणी आहे."

"लोक वर्षभर मागताहेत. तुला आत्ता ऐकू आलं?"

आईने वर्तमानपत्राची घडी घातली आणि ती मांडीवर ठेवली.

"तुझे बाबा मला विचारायचे, खरंच सूज आहे का गं? मी म्हणायचे, हो. पुढे पुढे त्यांनी विचारायचंच सोडलं. नुसते बघून हसायचे. त्यांना कळलंय हे मला कळायचं, आणि मला कळलंय हे त्यांना कळायचं. तरी आमचं आपलं चालूच, सूज उतरली का, सूज वाढली का. उभा जन्म एकत्र काढला आणि शेवटचे महिने सुजेवर बोलण्यात घालवले रे. कोणाला कशाचा निरोप देता आला नाही, की घेता आला नाही."

"मग तर तू मला सांगायलाच हवंस!" साहेबांचा आवाज फुटला. "तेव्हा आम्ही लपवलं ते चुकलं, तर आता तू का लपवतेस?"

"तेव्हा तुम्ही त्यांचं त्यांच्यापासूनच लपवलंत. माझं मला सगळं ठाऊक आहे. त्या बाईंनी बरोबरीने बसवून सांगितलं, काही झाकलं नाही. तुझा नियम चांगला आहे, खरं सांगते." आईने घडीवरून हात फिरवला. "परवा मी गॅस चालू ठेवला म्हणून तू माझ्यावर केवढ्याने ओरडलास. मला इतकं बरं वाटलं! तुला कळलं की तू ओरडणार नाहीस. ताई बोचकं बांधून येऊन बसेल. सूनबाई मला चमचा उचलू देणार नाही. घरात सगळे हळू बोलायला लागाल, मी खोलीत आले की गप्प व्हाल. मी आहे तोवर मला हे घर आहे तसं हवंय. एवढं मागितलं तर बिघडलं कुठे?"

'मी आहे तोवर' हे शब्द साहेबांनी ऐकले. "म्हणजे तसलंच काहीतरी आहे," ते हळूच म्हणाले.

"मी काहीही म्हटलेलं नाही," आई म्हणाली. "आणि बघ, आत्ताच हळू बोलायला लागलास."

साहेब समोरच्या खुर्चीत बसले. मग आईच म्हणाली, "वेळ आली की मी सांगेन. माझ्या तोंडाने, मला हवं तेव्हा. तुला दाराआड डॉक्टरणीकडून कळायला नको. आणि तुला सही करायची तर कर बाबा, साहेब आहेस. पण मग मी त्यांच्याकडे जाणार नाही. तपासलंच नाही तर त्या तुला सांगतील कुठून?"

इकडे आड, तिकडे विहीर. सोमवारी साहेब मसुदा घेऊन संचालकांपुढे गेले आणि सही न करता त्यातली दुरुस्ती तेवढी बदलून आले. रुग्णाला हवं असेल तर त्याने आपल्या मर्जीचं माणूस बरोबर न्यावं, नको असेल तर एकट्याने जावं, ते त्याचं त्याने ठरवायचं. बाकी नियम जशाचा तसा. संचालकांच्या कपाळाला आठी पडली. पाटी बदलली, खोलीत आणखी दोन खुर्च्या गेल्या. फाशीखोली हे नाव मात्र जायचं तेवढं गेलं नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, "एवढं आधीच केलं असतंत तर माझी निम्मी डोकेदुखी वाचली असती." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "बरं केलंत, साहेब."

पुढच्या तपासणीला साहेब पुन्हा आईबरोबर गेले. आईचं नाव पुकारलं. दारातल्या परिचारिकेने नव्या नियमाप्रमाणे विचारलं, "आजी, कोणाला बरोबर घ्यायचंय का?"

साहेब नकळत अर्धवट उठले.

"नको," आई म्हणाली, मागे वळूनही न बघता आत गेली आणि दार लागलं. साहेब पुन्हा बसले. शेजारच्या गृहस्थाने विचारलं, "कोण आहे आत?"

"आई."

"काय झालंय हो त्यांना?"

"माहीत नाही."

गृहस्थाने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मुलगा असून माहीत नाही, असा अर्थ त्या नजरेत स्पष्ट होता. मग त्याला साहेबांची दया आली असावी. "तो एक आहे ना वर बसलेला, त्याने हे आणलंय सगळं," तो म्हणाला. "त्याच्या घरी कोणी आजारी पडत नसेल."

"पडत असेल हो," साहेब म्हणाले, आणि दाराकडे बघत राहिले.

आई बाहेर आली. साहेबांनी तिचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला. बरं आहे की वाईट, कमी की जास्त, काहीच कळेना. जिना उतरताना ती मात्र दर पायरीला कठडा धरत होती, पूर्वी धरायची नाही. साहेबांचा हात तिच्या कोपराकडे गेला आणि मध्येच थांबला. त्यांनी तो खिशात घातला, दोन पायऱ्या पुढे झाले आणि मोठ्याने म्हणाले, "किती वेळ लावलास गं! मला कचेरीत कामं नाहीत का?"

मागची पावलं थांबली. मग आईचा आवाज आला, चांगला खणखणीत. "मग आलास कशाला? मला काय बसने येता येत नाही?"

"बसने! रस्ता तरी ओलांडता येतो का तुला धड?"

"तुझ्या जन्माच्या आधीपासून ओलांडतेय. तूच मध्ये मध्ये यायचास."

साहेबांना पुढचं उत्तर सुचलं होतं. पण त्यांनी ते खोकल्यावर नेलं, एकदा, दोनदा, आणि मागे न वळता चालत राहिले.

"आणि हा खोकला केव्हापासून?" आई मागून म्हणाली. "दाखवून घे कोणाला तरी."

"मला काही झालेलं नाही."

"सगळे असंच म्हणतात," आई म्हणाली, आणि दोघं भांडत भांडत गाडीपर्यंत गेले.